फरशीवरच्या दोन कमानी

फरशी पुसत होते. सकाळची वेळ, खिडकीतून उजेड तिरका आलेला, आणि ओल्या फरशीवर त्या एकदम दिसल्या. धाकटीच्या टेबलाच्या डाव्या दोन पायांपासून निघालेल्या दोन कमानी, एकीच्या पोटात दुसरी. पांढुरक्या, बारीक, बोट फिरवलं की खरखरीत लागणाऱ्या. कोरड्या फरशीवर त्या कधी नजरेला पडल्या नव्हत्या. टेबल एकदा ओढलं म्हणून अशी खूण उमटत नाही. त्याच वाटेने ते लाकूड शंभरदा तरी गेलं असलं पाहिजे. आधी आली ती चिडच. मुलांची खोली मनासारखी लावून जेमतेम चार महिने झाले होते. मग फडकं तसंच बाजूला ठेवून मी खाली बसले, कारण या कमानी कुणी काढल्या ते हळूहळू लक्षात यायला लागलं होतं. धाकटी रोज सकाळी टेबलाची खिडकीकडची बाजू भिंतीपासून पुढे ओढायची. रोज रात्री खोली आवरताना मी ते ढकलून पुन्हा भिंतीला नीट लावायचे. जाताना तिची रेघ, येताना माझी.

निम्म्या कमानी माझ्या होत्या.

चार महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की टेबल का ओढतेस. ‘टेबल नीट ठेव गं’ असं मात्र पुष्कळदा म्हटलं असणार. तिनेही कधी काही सांगितलं नाही. सहा वर्षांच्या मुलीला दर वेळी कारण सांगता येतंच असं नाही. ती फक्त करते, आणि दुसऱ्या दिवशी न कंटाळता पुन्हा करते. टेबलाचं वजन मला ठाऊक होतं. रात्री ढकलताना मलाच दम लागायचा. ती ते रोज कसं ओढत असेल, दोन्ही हातांनी कड धरून, पाय रोवून, हे त्या फरशीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं.

थोरल्याला शाळेतून काढलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. धाकटी शाळेत गेलीच नाही. दोघं घरीच शिकतात. का, ते इथे सांगत बसत नाही. हा निर्णय ज्या ज्या घरात झाला, तिथली कारणं त्या त्या घराची. निर्णय झाल्यावर मात्र पहिल्या आठवड्यात मी काय केलं, ते सांगायला हवं. मी टेप घेऊन मोजमापं घेतली. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचं अंतर, म्हणजे खुर्चीची उंची. पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. बसल्यावर कोपर जिथे येतं, तिथे टेबलाची पाटी. उजेड डावीकडून. हे सगळं मी वाचून, टिपून, पुन्हा पुन्हा पडताळून केलं होतं. दोघांची टेबलं एकाच भिंतीला, शेजारी शेजारी, खिडकी डाव्या हाताला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, पाढे, ग्रहमाला, जगाचा नकाशा, आणि मधोमध मी स्वतःच्या हाताने आखलेलं वेळापत्रक. नव्या रंगाचा वास, पेन्सिलींना केलेली टोकं, रिकाम्या वह्यांची चळत. त्या रात्री मी त्या खोलीत एकटीच बराच वेळ उभी होते. फार दिवसांनी छातीवरचं ओझं थोडं हललं होतं.

कारण मी घाबरलेली होते. शाळा सोडल्यावर हातात धरायला काही उरत नाही. प्रगतिपुस्तक नाही, घंटा नाही, मूल दाराबाहेर गेलं आणि ठरल्या वेळी परत आलं यातून मिळणारा दिलासाही नाही. मूल शिकतंय हे डोळ्यांनी दिसत नाही, खोली मात्र दिसते. घरी येणारं प्रत्येक माणूस पाचव्या मिनिटाला विचारायचं, ‘मग ही दोघं अभ्यास करतात कधी?’ आणि मी उठून त्या खोलीचं दार उघडायचे. लोक आत डोकावायचे, तक्ते पाहायचे, ‘छान केलंय हो’ म्हणायचे आणि गप्प व्हायचे. ती गप्पता मला हवी होती. खोली मुलांसाठी केली असं मी म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. पण तिचा एक मोठा भाग मी त्या दारातून डोकावणाऱ्या माणसांसाठी उभा केला होता.

पहिल्या दिवशी थोरला केस विंचरून, वही छातीशी धरून दारात आला आणि उंबऱ्यावर थांबला. म्हणाला, ‘आई, आत येऊ का?’

मी हसले. मला ती गंमत वाटली. ‘ये ना रे’ म्हटलं. तो आला, खुर्चीत बसला, दोन्ही हात टेबलावर एकावर एक ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिला. आपल्याच घरात, कालपर्यंत जिथे तो पालथा पडून चित्रं काढायचा त्याच खोलीत. तो गंमत करत नव्हता हे मला उशिरा कळलं. खोली बघून त्याने बरोबर ओळखलं होतं की इथे विचारून यायचं असतं.

इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तेव्हा तिथलं शिकण्याचं साहित्य एका मोठ्या कपाटात कुलपात असे. शिकवणाऱ्या बाई ते काढून द्यायच्या आणि परत ठेवायच्या. एके दिवशी बाईंना यायला उशीर झाला, आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचं राहून गेलेलं. येऊन पाहतात तर मुलांनी कपाट उघडून आपापल्या वस्तू घेतलेल्या. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसरींना त्यात दिसलं की कोणाला काय हवंय हे त्या मुलांना पक्कं माहीत आहे. उंच कपाट गेलं, मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली. ही गोष्ट मी कित्येकांना सांगितली आहे. तिच्यावर विसंबूनच मी मुलांसाठी बुटकी, उघडी मांडणी आणली होती. पण त्याच माँटेसरींनी टेबलांबद्दलही लिहून ठेवलंय. त्यांनी बनवून घेतलेली टेबलं भक्कम असूनही इतकी हलकी होती की चार वर्षांची दोन मुलं ती सहज उचलून नेत. हेही मी वाचलं होतं. पुस्तक काढून पाहिलं, तर त्या ओळीखाली माझीच पेन्सिलीची रेघ होती. आणि तरी मी टेबलं निवडली ती जड लाकडाची, हलणार नाहीत अशी. डुगडुगायला नकोत म्हणून. फरशीवर चरे पडले ते धाकटीच्या हट्टामुळे पडले नव्हते, टेबलाच्या वजनामुळे पडले होते. हलकं टेबल तिने उचलून ठेवलं असतं.

त्या सकाळी फरशी वाळायच्या आत मी तिच्या खुर्चीत बसले. गुडघे टेबलाला अडत होते. पेन्सिल डाव्या हातात घेतली, कारण माझी मुलगी डावखुरी आहे. तिने पहिल्यांदा खडू धरला त्या दिवसापासून मला हे माहीत आहे. आणि तरी ‘उजेड डावीकडून’ हे वाक्य वाचताना, टिपताना, खिडकीच्या हिशेबाने टेबल लावताना ते एकदाही माझ्या मनात आलं नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी ते खरं आहे, हाताची सावली शब्दांवरून बाजूला जाते. दहांतलं एखादं माणूस डावखुरं असतं, त्याच्यासाठी हे सगळं उलटं. मी ‘घर’ लिहिलं. पेन्सिलीचं टोक जिथे टेकत होतं, नेमकी तिथेच माझ्या मुठीची सावली. मग शिरोरेघ द्यायला गेले. उजव्या हाताने रेघ ओढली जाते. डाव्या हाताने ती ढकलावी लागते, टोक कागदात रुततं, रेघ थरथरते. पुढचा शब्द लिहिताना तळव्याची कड मागच्या शब्दावरून फिरली आणि ‘घर’ पुसट झालं. तिची करंगळीकडची कड रोज संध्याकाळी राखाडी झालेली असायची. मी ती साबणाने चोळून धुवायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

मग टेबल ओढलं, ती ओढायची तसंच, खिडकीकडची बाजू पुढे. पाय आपसूक त्या कमानींवरून सरकले. आता उजेड समोरून यायला लागला आणि हाताची सावली मागे, मनगटाकडे गेली. एवढंच तिला हवं होतं.

ती उठून आली तेव्हा विचारलं, ‘टेबल असं का गं ठेवतेस?’ म्हणाली, ‘तसं ठेवलं की तिथे काळं पडतं.’ मग मला सांगितलं का नाहीस, असं विचारायला नको होतं, पण विचारलं. तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. ‘तू रोज परत ठेवतेस ना,’ म्हणाली. रात्री टेबल सरळ असायचंच असतं, असा काहीतरी नियम आहे असं तिने धरलं होतं, आणि सकाळी ते वाकडं करणं हे तिचं काम.

त्यानंतरच्या आठवड्यात मी खोलीत एकेक गोष्ट हातात घेऊन पाहत गेले. तक्ते पहिल्यांदा उतरवले. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. बालवर्गातली २४ मुलं, काही धडे तक्त्यांनी-चित्रांनी भरलेल्या वर्गात आणि काही जवळजवळ रिकाम्या वर्गात. भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भलतीकडे होतं, रिकाम्या वर्गात २८.४ टक्के, नंतरच्या चाचणीत भरलेल्या वर्गातल्या धड्यांवर ४२ टक्के उत्तरं बरोबर आली, रिकाम्या वर्गातल्या धड्यांवर ५५ टक्के. मला हे वाचून नवल वाटलं नाही. ग्रहमालेकडे बघत बघत थोरला कित्येकदा गुणाकारातून बाहेर गेलेला मी पाहिला होता, आणि दर वेळी त्याला परत ओढून आणलं होतं. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला एक पट्टा तेवढा रिकामा ठेवला, तिथे काय लावायचं ते त्यांनी ठरवायचं. पहिले पंधरा दिवस तो रिकामाच राहिला. मग एक दिवस तिथे एक कुरतडलेलं पान आलं, कडेला भोकांची नक्षी असलेलं. त्याच्या शेजारी तिच्या अक्षरात, जरा थरथरत्या शिरोरेघेखाली, ‘कोणी खाल्लं?’

मूल घरभर शिकतं, त्याला वेगळी खोली कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचं पहिलं अर्ध वाक्य खरंच आहे. थोरल्याचं बरंचसं वाचन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं. धाकटी पावलांनी घर मोजते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. मुलं जिथे होती तिथे ती गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही आम्हाला पहिला प्रश्न हाच विचारला होता की मुलं दिवसातून किती वेळ बाहेर असतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेतल्या लहान मुलांना रोज ४० मिनिटं जादा मोकळ्यावर नेलं, तर तीन वर्षांत जवळचंच दिसण्याचा दोष ३०.४ टक्के मुलांना लागला. ज्यांना नेलं नाही त्यांच्यात तो ३९.५ टक्के होता. सगळ्यात सुबक टेबलालाही हे साधत नाही. पण म्हणून घरात जागा नको, हे मला पटत नाही. जागा हवी, आणि माझ्या मते ती एकाच मोठ्या कारणासाठी हवी. अर्धवट राहिलेलं काम तसंच्या तसं ठेवता यावं म्हणून.

शाळेत घंटा होते आणि हातातलं मिटावं लागतं. घरी घंटा नसते, पण जेवायचं टेबल असतं, पाहुणे असतात, माझी आवरण्याची सवय असते. ‘चला, आवरा आता’ ही माझी घंटाच होती. थोरल्याने एकदा एका काचेच्या पेल्यात पाणी भरून बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली होती. रोज सकाळी पाणी जिथवर उतरलं असेल तिथे एक रेघ. पावसाळी दिवसांत रेघा जवळजवळ, ऊन पडलं की लांब लांब. अकरा रेघा झाल्या होत्या. बाराव्या दिवशी मी तो पेला घासून पालथा घालून ठेवला. मला तो फक्त पेला दिसला होता. त्याला सांगितलं तेव्हा तो रडला नाही, चिडलाही नाही. ‘ठीक आहे आई,’ म्हणाला, आणि वही मिटली. शाळेत फळा पुसला गेल्यावर त्याच्या तोंडून असंच ‘ठीक आहे’ यायचं असेल. ते दोन शब्द मला अजून टोचतात. धाकटीने आकांडतांडव केलं असतं, आणि मला ते बरं वाटलं असतं.

आता आमच्याकडे प्लायवूडच्या तीन फळ्या आहेत, चारी कडांना बारीक पट्टी ठोकलेल्या. काम फळीवरच मांडायचं. जागा लागली की फळी उचलायची आणि सगळ्या पसाऱ्यासकट पलंगाखाली सरकवायची. काड्यांचा अर्धा पूल एकदा तिथे तीन आठवडे होता. त्याच्याकडे कुणी फिरकलंही नाही. मी रोज झाडू मारताना त्या फळीला वळसा घालायचे आणि मनात म्हणायचे, विसरला वाटतं. चोविसाव्या दिवशी त्याने फळी बाहेर ओढली आणि पुलाला खालून तिरप्या काड्या लावल्या, त्रिकोण करत. या मधल्या दिवसांत कधीतरी, कुठल्यातरी खांबाकडे किंवा छपराकडे बघताना त्याला ते सुचलं असणार. मी आवरलं असतं तर ते सुचलेलं जाऊन बसायला जागाच उरली नसती.

माझी स्वतःची जागाही बदलली. आधी मी दोघांच्या मागे उभी राहायचे, मग समोर बसायचे. दोन्ही प्रकारांत त्यांची पेन्सिल माझ्याकडे बघून चालायची. आता दाराजवळ माझी एक खुर्ची आणि गुडघ्यावर माझं काम. घराचे हिशेब, उसवलेले कपडे, कधी माझं वाचन. तिथून दोघंही दिसतात. धाकटीला नवं टेबल मिळालं, हलकं, ती एका हाताने ओढते असं. पायांना रबराच्या टोप्या आहेत, त्यामुळे आवाज होत नाही आणि चरेही पडत नाहीत. दिवसातून दोनतीनदा ते उजेडाच्या मागे मागे खोलीभर फिरतं.

थोरल्याला नवं टेबल नको होतं. तेच जड टेबल, तीच भिंत. तक्ते काढले तेव्हा तो काही बोलला नाही, पण दोन दिवसांनी माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘वेळापत्रक परत लाव ना.’ मी त्याला मोकळं करायला निघाले होते आणि त्याला चौकटी हव्या होत्या. मला वाईट वाटलं, शाळेची पकड अजून सुटली नाही असं वाटलं. नवऱ्याचं म्हणणं वेगळं पडलं. तो म्हणाला, काही माणसांना कडेला भिंत असली की नीट चालता येतं, शाळेचा काय संबंध? मला अजून ठरवता आलेलं नाही. वेळापत्रक मात्र लावलं, या वेळी त्याने स्वतः आखलेलं. त्यात त्याने रोज एक चौकोन रिकामा ठेवलाय आणि त्याला पेन्सिलीने हलकी छटा दिली आहे. त्याचं काय करायचं असतं, ते मी विचारलेलं नाही. ‘आत येऊ का?’ हळूहळू कमी झालं, पण बंद झालं नाही. थकलेला असला, किंवा आमचं काही वाजलेलं असलं, की तो अजून उंबऱ्यावर थांबतो. आता मी हसत नाही.

मागच्या आठवड्यात रात्री झोप लागता लागता खोलीतून आवाज आला. जड लाकूड फरशीवरून फरफटत जाण्याचा, थांबून थांबून. दोन फूट, मग श्वास घेण्याइतकी शांतता, मग पुन्हा. उठावंसं फार वाटलं. फरशीचं मनात आलं, त्याच्या पाठीचं आलं, एवढ्या रात्री हे काय म्हणून रागही आला. नवऱ्याने अंधारात माझ्या मनगटावर हात ठेवला. आवाज बऱ्याच वेळाने थांबला.

सकाळी पाहिलं. मोठ्या कपाटाची एक बाजू आणि कोपऱ्यातली भिंत यांच्या मधल्या सांदीत त्याने टेबल बसवलं होतं. फरशीवर चार लांब रेघा, सरळ, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजेड तिथे कमी आहे, दिवा लागेल. खिडकी डावीकडेच आहे, तेवढं त्याने पाहिलेलं दिसलं. वेळापत्रकही भिंतीवरून निघून कपाटाच्या त्या बाजूला गेलं होतं, आतल्या अंगाला.

मी माझ्या खुर्चीत जाऊन बसले. धाकटी खिडकीशी होती, जीभ दातांत धरून, शिरोरेघ ढकलत. थोरला उंबऱ्यावर न थांबता आत आला, माझ्यासमोरून गेला आणि कपाटामागे दिसेनासा झाला. माझ्या जागेवरून आता त्याच्या टेबलाचा एक कोपरा तेवढा दिसतो, आणि कधीमधी कोपर. पान उलटल्याचा आवाज मात्र येतो. खुर्ची जरा पुढे घेतली तर तो दिसेल, एवढंच अंतर आहे. चार दिवस झाले, ती खुर्ची मी आहे तिथेच ठेवली आहे.